सुखतळ्यांची वाटणी

वालावलच्या आबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, दाजीने, आयुष्यात पुष्कळ वस्तू वाटून घेतल्या. घर वाटलं, माड वाटले, विहिरीच्या पाळ्या वाटल्या. वडिलांचा तांब्याचा हंडा होता, त्यातला हंडा आबांकडे आला आणि झाकण दाजीकडे गेलं. आबांकडे पाणी उघड्यावर तापायचं आणि दाजीकडे ते झाकण भिंतीला टेकून नुसतं हिरवं पडत होतं. यात काही चुकलंय असं दोघांनाही कधी वाटलं नाही. आपल्या वाट्याचं आपल्याकडे आहे, हे समाधान माणसाला पुष्कळ दिवस पुरतं. पण बुटात घालायच्या तळव्यांची एकुलती एक जोडी वाटून घेण्याचा जो पराक्रम त्यांनी केला, त्यापायी आबांच्या मुलीचं, आनंदीचं, जमत आलेलं लग्न मोडायची पाळी आली.

दोघांचं बोलणं बंद झालं तेही त्या झाकणावरूनच. वाटणी झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आबांनी झाकण चार दिवस वापरायला मागितलं. दाजी म्हणाला, "हंडो दी, मगे झाकण व्हर." आबा तसेच परतले. त्या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली होती. घराच्या पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मधोमध कमरेइतका चिऱ्यांचा गडगा घातलेला होता, आणि काही सांगणं अगदीच भाग पडलं तर दोघेही त्या गडग्याला सांगत. "गडग्या, तुझ्या पलीकडल्याक सांग, उद्या मजूर येतले, येळार उठ म्हणान." पलीकडून उत्तर यायचं तेही गडग्यालाच. त्या बिचाऱ्याला कान फुटले असते तर त्याने दोघांनाही शहाणपणाच्या चार गोष्टी सुनावल्या असत्या.

बायकांचं मात्र चाललं होतं. आबांची यमुनाबाई आणि दाजीची पद्मावती विहिरीवर तासभर बोलायच्या, आणि एकीकडचं माशाचं तिखलं दुसरीकडे वाटीतून जायचं. दोन्ही नवरे ते जेवत. आपल्या घरच्या हाताची चव ही नव्हे, हे दोघांनाही कळे, पण विचारलं तर कबूल करावं लागेल, म्हणून कोणी विचारत नसे.

एक गोष्ट तेवढी दोघांना न वाटता सारखी मिळाली होती, ती म्हणजे वडिलांचे पाय. ओल्या पायांनी चिऱ्यावर उभे राहिले की दोघांचंही अख्खं पाऊल उमटायचं. मध्ये कमान म्हणून नाही. तशात दोघांनीही मुंबईला उमेदीची वर्षं उभ्याने काढलेली, आबांनी कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडत आणि दाजीने छापखान्यात खिळे जुळवत. गावी परत आले ते पाय घेऊनच आले. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसावा तशी कळ यायची, दुपारपर्यंत ती पोटरीत चढायची आणि संध्याकाळी कमरेत जाऊन बसायची. आबांचा डावा पाय जास्त दुखे, दाजीचा उजवा. खोबरेल चोळून झालं, निर्गुडीचा पाला बांधून झाला, तापवलेल्या चिऱ्याचा शेक घेऊन झाला. आबांनी तर लक्ष्मीनारायणाला नारळही बोलून ठेवला होता, पण देवाच्या मनात काही वेगळं असावं.

मग एकदा त्यांचा भाचा सहदेव आला. त्यांच्या मालवणच्या बहिणीचा, सुभद्रेचा, हा मुलगा परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी होता. आजोळचे पाय त्यालाही आलेले. बोटीच्या लोखंडी डेकवर उभं राहून राहून तो रडकुंडीला आला, तेव्हा बोटीवरच्या डॉक्टरने त्याला बुटात घालायचे तळवे घ्यायला लावले. आपल्याकडचा चांभार वहाणेत जो सुखतळा घालतो तो सपाट कातड्याचा तुकडा असतो. हे तसे नव्हते. टाचेला खोलगट, मध्ये पायाच्या पोकळीला आधार देणारा उंचवटा, वर मऊ कातडं आणि खाली बुचाच्या लाकडाचा थर. सहदेवचे पाय पंधरवड्यात सुधारले. तेव्हा त्याला मामांची आठवण झाली, हा त्या मुलाचा चांगुलपणा.

गडग्याच्या अलीकडे एक मामा आणि पलीकडे दुसरा, असे बसवून त्याने ते तळवे गडग्यावर ठेवले.

"मामांनू, जोडी एकच गावली," तो म्हणाला. "तुमच्या दोघांच्या पायाचा माप एकच आसा, ता माका ठावक आसा. एक म्हयनो ह्येणी घालूची, एक म्हयनो त्येणी. पण दोनय तळवे एकदम घाला हां. हे जोडीन चलतत."

एवढं सांगून आणि दोन्ही घरी जेवून तो मालवणला गेला आणि तिथून बोटीवर.

आता पाळी लावायची तर पहिला महिना कोणाचा, हे ठरवायला हवं, आणि ठरवायचं तर बोलायला हवं. वाटणीचं तसं नसतं. वाटणीला पंच पुरतात. म्हणून बाळा गुरवाला बोलावण्यात आलं. मागच्या वाटणीतही तोच होता, हंडा आणि झाकण वेगळं करण्याची अक्कल त्याचीच. त्याने दोन्ही तळवे सुपाखाली झाकले आणि आनंदीला हाक मारली. "चेडवा, हात घाल नि एक भायर काड. पयलो येतलो तो थोरल्याचो."

आनंदी बावीस वर्षांची होती आणि तिला डोकं होतं. "बाळाकाका, दोनय एकाकच घालूक देवा मा," ती म्हणाली. "एक पाय वर नि एक पाय खाली, असा कोण चलता काय?"

"तुका कोणी इचारूक नाय," आबा म्हणाले. आणि गडग्यापलीकडून दाजीनेही मान हलवली. त्या दोघांचं इतक्या वर्षांत एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

आनंदीने हात घातला. निघाला तो उजव्या पायाचा, तो आबांकडे गेला. डावा दाजीकडे. म्हणजे ज्याचा डावा दुखत होता त्याला उजवा मिळाला आणि ज्याचा उजवा दुखत होता त्याला डावा. निदान अदलाबदल तरी करता आली असती. पण मागणार कोण? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभ अजून चांगला धडधाकट होता. आबांनी आपल्या कॅनव्हासच्या उजव्या बुटात उजवा तळवा घातला आणि दाजीने आपल्या डाव्या बुटात डावा.

पुढे जे व्हायचं तेच झालं. एक पाय उंच, एक ठेंगणा. आबा चालू लागले की उजवा खांदा वर जायचा, दाजी चालू लागला की डावा. दुखणाऱ्या पायावर भार वाढला, पाठ धरली, कंबर धरली. दोन-तीन महिन्यांत दोघेही लंगडू लागले, आणि ते इतकं अंगवळणी पडलं की अनवाणी असले तरी लंगडत. यमुनाबाईने एकदा सांगून पाहिलं की ती पीडा काढून टाका. आबा म्हणाले, "काडून टाकलंय तर तो म्हणतलो, ह्येका नको होतो, मगे घेतल्यान कित्याक?" यावर यमुनाबाईने कपाळाला हात लावला आणि ती भात वेळायला निघून गेली.

अशात मसुऱ्याचं स्थळ आलं.

आनंदीला त्याआधी दोन नकार आले होते. एकदा पत्रिकेत मंगळ निघाला, एकदा मुलगाच तिच्या खांद्याला लागला. आबा वरून दाखवत नसत, पण त्यांचा जीव त्या एकाच गोष्टीत अडकलेला होता. मसुऱ्याचे गुरुदासनाना म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणूस, थोडी शेती, थोडा नारळाचा व्यापार. मुलगा सत्यवान मुंबईला गोदीत कारकून. पत्रिका जुळली होती. आता मुलगी पाहायची आणि घर पाहायचं, एवढंच राहिलं होतं.

घर पाहायचं म्हणजे काय पाहतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. मुलीचा काका शेजारी राहत असून पुढे आला नाही, तर पाहुणे पानाचा पहिला विडा संपायच्या आत विचारतात, "तुमचो भाव खंय?" मग भाऊबंदकी बाहेर पडते. आणि फुटक्या घरची मुलगी करायला कोणी सहसा तयार होत नाही, मग त्याच्या स्वतःच्या घरात चार चुली का असेनात. म्हणून यमुनाबाईने विहिरीवर पद्मावतीला गळ घातली आणि पद्मावतीने दाजीला राजी केलं. दाजीने यायचं, बसायचं, पाहुण्यांशी बोलायचं. भावाशी बोलण्याची सक्ती नाही.

पाहुणे खाडीपलीकडे गाडीतून उतरून होडीने आले. गुरुदासनाना, त्यांचे मेहुणे आणि सत्यवान. धक्क्यावर त्यांना घ्यायला आबा आणि दाजी दोघे गेले. वाट माडांतून, अरुंद. यजमान पुढे, पाहुणे मागे. आबा उजव्या अंगाने उचकत चालले होते आणि दाजी डाव्या. मागच्या माणसाला ते कसं दिसत असेल याचा विचार आबांच्या मनात अर्ध्या वाटेत आला, आणि मग त्यांना धड चालताही येईना.

मुलगी पसंत पडली. हे तिने चहाची कपबशी पुढे केली त्या क्षणीच सत्यवानच्या तोंडावर दिसलं होतं. गुरुदासनानांनी तिला रांधायचं विचारलं नाही की गाणं विचारलं नाही. "इतक्या लांब मसुऱ्याक करमात मा गो तुका?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "हयसर तरी कोण कोणावांगडा बोलता?" यमुनाबाईचा जीव वर गेला, पण पाहुणे ते विनोदावारी नेऊन हसले. मग देवाच्या पायांवर नारळ ठेवावा म्हणून पुरुषमंडळी लक्ष्मीनारायणाच्या देवळात निघाली.

देवळात बूट बाहेर. आबांनी गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला आणि मंडळी पायऱ्यांवर परत आली. आबा आणि दाजी बूट घालायला बसले, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. गुरुदासनाना समोर उभे होते.

"आबानू, एक इचारू? वायट वाटान घेव नकात."

"इचारा."

"तुमच्या पायाक काय झालासा? नाय, म्हणजे दाजींचोय तसोच दिसता. बूट नाय घातल्यात तरी तसोच. होडीवालो म्हणी होतो, तुमचे बापूसय अखेरीक तसेच चलत. चेडू बरा आसा, माका पसंत आसा. पण रक्तातला काय आसला तर आधी कळलेला बरा. उद्या नातवंडांचो प्रश्न."

आबांच्या हातात बुटाची नाडी होती, ती हातातच राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे दोन मुठी होत्या आणि झाकायला हात एकच. खरं सांगावं तर असं सांगावं लागणार, की आम्ही लंगडे नाही, आम्ही भाऊभाऊ बोलत नाही आणि एक जोडी दोघांत फाडून घेतली. मग ही मंडळी होडीत बसली की परत यायची नाहीत. सांगू नये तर घराण्याला लंगडेपणाचा बट्टा, आणि तो आनंदीच्या पुढे दहा पावलं चालत राहणार, आज मसुऱ्याला, उद्या आणखी कुठे. आपल्या हातांनी आपण पोरीच्या पायात काय अडकवून ठेवलंय हे त्यांना त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं.

"नानानू," दाजी म्हणाला, "लंगडो मी आसंय. हो नाय."

आबांनी वर पाहिलं नाही. दाजीने आपल्या डाव्या बुटातला तळवा बोटांनी उपटून बाहेर काढला.

"हे तळवे ह्येचे. आमच्या भाच्यान बोटीवरसून हाडलेले. माझो डावो पाय जल्माचो उणो. माझे हाल ह्येका बघवनत नाय, म्हणान एक काडून माका दिल्यान, नि आपण असो एका तळव्यार वाकडो चलता. बापाशीचो पाय माका इलो. आमची वाटणी झाली तेवा लंगडो पाय माझ्या वाटणीक इलो, नि सरळ ह्येच्या. रक्ताचा म्हणशात तर ता माझ्याकडे आसा. ह्येच्या चेडवाक त्येचो वाटो नाय."

हे सगळं तो नानांकडे बघून बोलला. मग भावाकडे न बघता त्याने आबांचा डावा बूट ओढून घेतला, तो तळवा त्यात सरकवला आणि बूट पायरीवरून त्यांच्याकडे परत लोटला.

आबांनी बूट घातले आणि ते उठले. दीपमाळेपर्यंत गेले आणि परत आले. त्या चालण्याचं वर्णन करायचं तर एवढंच की ती एक साधी चाल होती. पायाच्या पोकळीला खालून कोणीतरी हात लावावा तसा आधार मिळाला, टाचेतली कळ बोथट झाली, पाठ आपोआप सरळ झाली. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं. मागून दाजी उठला आणि डावा पाय ओढत पायऱ्या उतरला. नाटक त्याला येत नव्हतं. जरा जास्तच ओढला.

गुरुदासनानांनी पुढे होऊन दाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "असे भाव आता खंय गावतत," ते म्हणाले. "साखरपुड्याचो दिवस काडा."

आबा गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात काही मोठा विचार नव्हता. मुलीचं लग्न ठरत होतं, बस्स.

पण दाजीला एक मुलगा होता. बाबू. बापासारखाच मुंबईला छापखान्यात लागलेला, सत्तावीस वर्षांचा, आणि तारकर्लीच्या एका घराने त्याच्यासाठी विचारणा केलेली. बातम्यांना आपल्याकडे पाय फुटतात ते बिनतळव्यांचे आणि सपाट, पण त्या फार लांब जातात. पाहुण्यांच्या परतीच्या वाटेत होडीवाल्याने ऐकलं, बाजारात सांगितलं, आणि आठवड्याभरात तारकर्लीच्या मंडळींना कळलं की बाबूच्या बापाचा पाय जन्माचा लंगडा आहे, आणि तो रक्तातला आहे, हे त्याने स्वतःच देवाच्या पायरीवर कबूल केलंय. तारकर्लीहून पुढे निरोप आला नाही. नाही म्हणायचा निरोपसुद्धा आला नाही.

यमुनाबाईने विहिरीवर हे ऐकलं आणि घरी येऊन आबांना सांगितलं. आबा ओसरीवर बसून होते. "तळवे घेवन जा," ते म्हणाले. "दोनय. त्येका दी म्हणान सांग."

ती गेली आणि तळवे तसेच घेऊन परत आली. पद्मावतीने घेतले नव्हते. ती म्हणाली होती, चेडवाचं लगीन होईपर्यंत भावोजींना सरळ चालायचं आहे, आमच्याकडे कोण बघायला येतंय? पद्मावती हे रागाने बोलली नव्हती, असं यमुनाबाईने दोनदा सांगितलं. त्याने आबांना जास्तच लागलं.

आबा ते तळवे घालून फिरत राहिले. मळ्यात जाऊन येत, बाजारातून येत, पाय दुखत नसे. न दुखणारा पाय हीसुद्धा एक शिक्षा असू शकते, हे त्यांना या वयात कळत होतं. गडग्यापलीकडे दाजी दिसायचा. एक तळवा होता तेव्हापेक्षा एकही नसताना त्याचं बरं चाललं होतं. तो तिरकेपणा गेला होता, जुनी टाच तेवढी दुखत होती. आबांना वाटे, गडग्याला काहीतरी सांगावं. काय सांगावं ते सुचत नसे. नऊ वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याला पहिला शब्द कोणता म्हणायचा, हा पेच दिसतो तितका सोपा नाही.

साखरपुड्याच्या दिवशी खळ्यात मांडव घातला होता. गडगा मध्ये येत होता, त्यावर यमुनाबाईने चादर पसरून तो झाकला. मसुऱ्याची दहा-बारा मंडळी येऊन बसली होती, साडी-चोळीचं तबक मधोमध होतं, भटजींनी पंचपात्र मांडलं होतं. आबा नानांच्या शेजारी बसले होते. मुलीच्या काकाची जागा रिकामी होती.

दाजी आपल्या दारातून निघाला तो घाईत. धोतर नवं, खांद्यावर उपरणं, हातात नारळ. आणि तो सरळ चालत होता. दोन पायऱ्या उतरला, चार पावलं टाकली, आणि पाहुण्यांचे डोळे आपल्याकडे वळलेले पाहून त्याला आठवलं. तो जागच्या जागी थबकला आणि मग पाय ओढू लागला. उजवा.

मसुऱ्याच्या बायकांत कोणीतरी खुदकन हसलं. नानांचे मेहुणे म्हणाले, "देवळाकडे डावो होतो मा?" आणि नानांनी मान वळवून आबांकडे पाहिलं.

यमुनाबाई दारात उभी होती, तिच्यामागे नव्या साडीत आनंदी. तबकात हळदकुंकू मांडलेलं होतं. अजूनही गप्प राहता येत होतं. भाऊ गोंधळला, दोन्ही पाय उणे आहेत, काहीही सांगता आलं असतं, आणि दाजीने ते सांगितलंही असतं. मांडवाच्या मधोमध तो उभा होता, साठीला आलेला माणूस, हातात नारळ, दुसऱ्याच्या मुलीसाठी कोणता पाय लंगडा होता ते आठवत. आबांना ते बघवेना.

"दाजी, सरळ चल!" ते ओरडले. "खूप झाला रे. सरळ चल."

पद्मावतीने तोंडाला पदर लावला. आबा उठून उभे राहिले आणि मग एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता आलं नाही.

"नानानू, तो लंगडो नाय. मीय नाय. आमच्या घरात कोण लंगडो नाय. पाय सपाट आसत, दुखतत, बापाशीचेय दुखत, तितक्याच. भाच्यान एक जोडी दिल्यान ती आमी चिठ्ठी काडल्यासारी वाटून घेतलंव, एक ह्येका नि एक माका, नि दोघांय वाकडे झालंव. कित्याक, तर आमी बोलत नाय. नऊ वर्सां. एका झाकणासाठी. त्या दिवशी तो खोटा बोललो ता माझ्या चेडवासाठी. त्यापायी त्येच्या झिलाचा तारकर्लीचा स्थळ गेला, नि मी त्येचो तळवो घालून सरळ चलतंय. तुमका उठान जावचा आसला तर जावा. माझा चेडू धड आसा. तिचो बापूस मूर्ख आसा, इतक्याच."

मेहुणे म्हणाले, "म्हणजे आमका फसवल्यात?" नानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी पान चघळून संपवलं, मांडवाबाहेर जाऊन थुंकून आले आणि परत बसले.

"आबानू," ते म्हणाले, "आता बोलतात मा एकामेकांवांगडा?"

"आता बोललंय," आबा म्हणाले.

"मगे भटजीनू, सुरू करा. येळ जाता."

भटजींनी घसा खाकरला. आनंदीला बाहेर आणून पाटावर बसवलं. ती खाली मान घालून बसली होती, पण खांदे हलत होते, ते रडण्याने की हसण्याने हे दारातून यमुनाबाईला कळेना. नानांनी तबक पुढे ओढलं आणि मेहुण्यांना सांगितलं, की तारकर्लीच्या त्या घरात आपली चुलत बहीण दिली आहे, परवा तिकडे जाऊन येऊ.

दाजी गडग्याला वळसा घालून मांडवाच्या मधून आला. सरळ आला. आबांच्या शेजारच्या रिकाम्या जागेपाशी थांबला, नारळ भटजींपुढे ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "इतक्या वर्सांनी बोललंस, ता पण बोंबलान."

आबांनी डोळे पुसले आणि जाजमावर सरकून त्याला जागा दिली.